मेटल ऐकणारा पोट्टा वाया गेला म्हणणाऱ्यांसाठी

काळीमाती (दारव्हा तालुका)

काल 'सूरसाधक' यांनी इथंच लिहिलं की खेड्यातले पोट्टे आता काळे टीशर्ट घालून हेवी मेटल (जड गिटार अन् ढोलांचं दणदणीत इंग्रजी संगीत) ऐकतात, शब्द एक कळत नाही, नुसतं किंचाळणं. दंडार (आपलं गावाकडचं लोकनाट्य) सोडली, खंजिरी भजन सोडलं अन् परक्यांचं उष्टं खाऊन राहिले, कारण काय तर शहरी दिसायची हौस. खाली ढिगानं वाहवा. मी दोनदा वाचलं, मग झोप गेली, म्हणून हे लांबण.

हौस दाखवायची कोणाला हो? मी मेटल ऐकतो हे गावात बायकोशिवाय कोणाला माहीत नाही, अन् तिलाही माहीत नसतं तर बरं झालं असतं असं तिचं म्हणणं आहे.

मला हे तालुक्याच्या मोबाईलवाल्याकडं सापडलं. मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची तेव्हाची गोष्ट. भीमगीतं, आनंद शिंदे, जुनी हिंदी, अन् जागा उरली म्हणून त्या पोरानं 'इंग्लिश' नावाचा एक फोल्डर ढकलून दिला. हरभऱ्याला ओलित चालू होतं, लाईन रात्रीची. तुषारचे पाईप बदलायचे अन् मधला वेळ धुऱ्यावर बसून काढायचा. झोप लागू नये म्हणून कानात घातलं. आधी पाऊस, मग घंटा, मग गिटारचे तीन सूर. तीनच. पण असे जड, की मी मागं वळून पाहिलं, कोणी उभं आहे का म्हणून.

कोण होते हे लोक? ब्लॅक सॅबथ. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची कामगार वस्तीतली पोरं, पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा. गायक ऑझी ऑस्बॉर्न आधी कत्तलखान्यात कामाला होता. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात. तिथं मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं अन् अनामिकेचं टोक गेलं. गडी डावखुरा, म्हणजे नेमकी तारा दाबायची बोटं. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या अन् वाजवत राहिला.

माझ्या काकाची दोन बोटं मळणी यंत्रात गेली. सोयाबीनच्या पट्ट्यात असे हात गावोगाव दिसतात. म्हणून 'परकं' म्हणताना जरा दम धरा. त्या पत्र्याच्या कारखान्यात मला माझं गाव जास्त दिसतं, तुमच्या मैफिलीत कमी. तिथं तर आम्हाला टाळी कुठं द्यायची हेसुद्धा शेजारच्याकडं पाहून ठरवावं लागते.

सूरसाधक (अमरावती)

गोष्ट छान सांगितली. पण बोट तुटलं म्हणून संगीत मोठं होत नाही. माझा मुद्दा तसाच शिल्लक आहे: तुम्हाला शब्द कळत होते का? नसतील, तर तुम्ही त्या रात्री गाणं ऐकलं नाही, आवाज ऐकला. आवाज थ्रेशरचाही असतो.

आणि या आवाजाचे परिणाम माहीत नसल्यासारखं कोणी करू नये. अमेरिकेत जुडास प्रीस्ट या बँडवर दोन तरुणांच्या आत्महत्येवरून खटला चालला होता, १९९० साली. आपल्या जिल्ह्यांत आधीच काय कमी आहे, की त्यात ही भर?

वऱ्हाडी_ठेचा

आलं! आलंच शेवटी! राजेहो, विदर्भातल्या माणसानं काहीही करो, तिसऱ्या वाक्याले आत्महत्या येतेच. आम्ही वांगे लावले तरी आत्महत्या, लग्न केलं तरी आत्महत्या, आता गाणं आयकलं तरी आत्महत्या. पुण्या-मुंबईचे लोक करतात ते समजू शकतो, त्यायनं आम्हाले पेपरातच पाह्यलं. तुम्ही तं अमरावतीचे ना बाप्पा!

अन् अर्धीच गोष्ट काहून सांगता? तो दावा कोर्टानं फेटाळला. बँड सुटला. माया चुलत्यानं जीव देला तवा घरात रेडिओसुद्धा नव्हता, सावकाराची चिठ्ठी होती अन् बोंडअळीनं खाल्लेली पऱ्हाटी होती. लावा त्याच्यावर कोणत्या बँडचा खटला लावता तो.

सूरसाधक

खटल्याचा निकाल मला माहीत आहे. निर्दोष सुटणं आणि चांगलं असणं यात फरक असतो. आपल्या चुलत्यांबद्दल वाईट वाटलं, पण हा आवाज चढवायचा विषय नाही.

वऱ्हाडी_ठेचा

विषय काढला कोनं?

पुसदचा_पोट्टा

शब्दांचं म्हणाल तर साधक काका, गावात कीर्तनाला बसलेल्या अर्ध्या लोकांना संस्कृत श्लोक कळतात का? तरी डोलतात. अन् राष्ट्रसंतांचं खंजिरी भजन पाहा. लय चढली की म्हातारे माना हलवतात, भान राहत नाही. मेटलमध्ये यालाच हेडबँगिंग म्हणतात. एकच प्रकार.

गुरुजी_निवृत्त (तिवसा)

एकच प्रकार? जीभ आवरा. तुकडोजी महाराजांची खंजिरी माणूस जागा करण्यासाठी होती. मी मोझरीला लहानपणापासून जातो. तिथं बसणारा दारू सोडून उठतो. तुमच्याकडं स्टेजवर एकानं वटवाघळाचं डोकं चावलं होतं, मी वाचलं आहे. आणि तुम्ही तुलना करता!

पुसदचा_पोट्टा

गुरुजी, ते ऑझीनं केलं खरं, १९८२ साली, अन् ते रबराचं आहे असं वाटलं होतं असं तोच सांगायचा. समर्थन नाही करत. पण मी लय अन् माना यांच्याबद्दल बोललो, महाराजांबद्दल नाही.

गुरुजी_निवृत्त

रबराचं वाटलं म्हणे! रबराचं तरी कशाला चावायचं?

मचाणवाला (सिंदेवाही)

वाद चांगला चालू आहे, पण कोणी कामाचं विचारत नाही म्हणून सांगतो. मी मेटल धानासाठी वापरतो. जागलीला गेलो की मचाणावर ब्लूटूथचा डबा टांगतो अन् लावून देतो. रानडुकरं बांधावरूनच परत. मला ते गाणं काडीचं आवडत नाही, पण डुकरालाही आवडत नाही, एवढं आमचं जुळतं.

वऱ्हाडी_ठेचा

हे कामाचं बोल्ले! कोणतं लावता?

कपाशी_वाली_ताई (घाटंजी)

काही होत नाही त्यानं. आम्ही भोंगा लावला होता, दिराच्या आवाजात हाड-हाड भरून. सुरुवातीला पळाले, मग सवय झाली, भोंग्याखालीच तूर खाऊन राहिले. रोही (नीलगाय) तर भोंग्याकडं पाहत उभे राहायचे. साड्या बांधल्या, त्याही फाडून नेल्या. शेवटी कुंपणाच्या तारेला झटका देणारी झटका मशीन घेतली तेव्हा थोडं थांबलं.

मचाणवाला

ताई, भोंग्यात तेच ते असते. मेटलमध्ये मधातच शांत होते अन् मग एकदम धाडकन. डुकराला अंदाज येत नाही. मुख्य गोष्ट हीच आहे.

कपाशी_वाली_ताई

डुकराला अंदाज येत नाही, अन् तुम्हाला झोप येत नाही. भरपाईचा अर्ज केला का कधी? आमचा पंचनामा करायला साहेब आले तोवर शेतात नवीन पीक उभं होतं. म्हणे नुकसान दिसत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

झटका मशीनची बॅटरी आमची चोरून नेली. डुकरानं नाही, माणसानं. त्याच्यावर कोणतं संगीत लागू पडते सांगा.

मचाणवाला

त्याला डीजे लागू पडते. तो डीजेमागंच नाचत असतो.

सूरसाधक

माझ्या लेखाचा विषय रानडुकरं हा नव्हता. तरी आभार. 'डुकरं पळतात' यापेक्षा नेमकं समीक्षण मला जमलं नसतं.

बेंगळुरू_रिटर्न (मूळ आर्वी)

डुकरं थोडी बाजूला ठेवता का? मी तिकडं नोकरीला होतो तेव्हा, ३० ऑक्टोबर २०११ ला, पॅलेस ग्राउंडवर मेटॅलिका हा मेटल बँड पाहिला. त्याच्या दोन दिवस आधी गुरगावचा कार्यक्रम रद्द झाला होता, त्यामुळं हा तरी होतो की नाही अशी धाकधूक. पाऊस, चिखल, बूट गुडघ्यापर्यंत भरलेले, अन् हजारो लोक शब्द न् शब्द म्हणत होते. ढकलाढकलीत मी पडलो. चार अनोळखी हातांनी उचललं, एकानं चष्मा शोधून दिला. आमच्या गावच्या यात्रेत पडलो असतो तर चष्मा गेला असता अन् खिसाही.

अन् शब्द नसतात हे कोणी सांगितलं? आयर्न मेडन या बँडनं कोलरिज या इंग्रजी कवीच्या एका लांब कवितेवर तेरा मिनिटांच्या वरचं गाणं केलं आहे. सॅबथचं युद्धावरचं गाणं १९७० चं, व्हिएतनाम चालू असताना. गरिबाला लढायला पाठवून स्वतः मागं बसणाऱ्या पुढाऱ्यांवर आहे. ते वऱ्हाडीत केलं तर तुमच्याच तालुक्याच्या सभेत वाजवता येईल, फक्त वाजवणारा घरी सुखरूप जायला पाहिजे.

काळीमाती, एक राहिलं. आयोमीनं तारा नुसत्या हलक्या नाही ठेवल्या, १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून गिटार खालच्या पट्टीत उतरवली. बोटांना ताण कमी. तो जडपणा पुढं सगळ्यांनी उचलला.

गुरुजी_निवृत्त

चष्म्याची गोष्ट पटली. बाकी काही पटलं नाही.

काळीमाती

डुकरांवर मी बोलणार नाही, माझंच अर्धं वावर त्यांच्या नावावर आहे.

साधक काका, थ्रेशरचं तुम्ही टोमणा म्हणून लिहिलं. पण ज्यानं उभा जन्म थ्रेशर, जिनिंग अन् डिझेल इंजिनाजवळ काढला त्याच्या कानाला तोच आवाज तालात बांधून मिळाला तर तो काय करेल? तानपुरा शोधत जाईल? मला त्या रात्री शब्द कळले नाहीत, खरं आहे. नंतर पोराच्या डिक्शनरीत एकेक काढले. तुमच्या बंदिशीचे ब्रज शब्द तुम्ही कुठं काढले?

अन् दंडार सोडली कोणी? आमच्या गावात मेटल ऐकणारा मी एकटा. दंडारीत ढोलकी धरणारा मीच, कारण दुसरं कोणी येत नाही. बाकीचे सगळे डीजेच्या ट्रॉलीमागं. नियम सांगतो रात्री दहा ते सहा बंद, वस्तीत रात्री ४५ डेसिबल. आमच्याकडं लग्नात खिडकीची तावदानं हलतात अन् म्हाताऱ्या कानात कापूस घालून मांडवात बसतात. माझा मेटल माझ्या कानात. त्यावर लेख, अन् डीजेवर एक ओळ नाही?

सूरसाधक

डीजेवर लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी. त्याला तीन लोकांनी वाहवा केली, त्यातला एक माझा भाचा.

तुम्ही म्हणता ते पहिलं गाणं काल रात्री लावलं. पाऊस आणि घंटा चांगली आहे. ते तीन सूर कर्कश आहेत, पण मुद्दाम कर्कश आहेत हे मान्य करतो. ते स्वरांतर (दोन सुरांमधलं अंतर) पूर्वी युरोपात अशुभ मानत, म्हणजे माणसानं विचार करून वाजवलं आहे. गायक सुरू झाला तेव्हा बंद केलं. दंडारीत ढोलकी धरता हे आधी सांगितलं असतं तर लेखाचा सूर थोडा वेगळा असता. थोडाच.

पुसदचा_पोट्टा

काका हळूहळू टीशर्ट घेणार. माप सांगा.

गुरुजी_निवृत्त

दंडार कधी आहे? तारीख कळवा. मेटल लावणार असाल तर कळवू नका.

वऱ्हाडी_ठेचा

मचाणवाले भाऊ, तुम्ही अजून सांगतलं नाही. डुकरासाठी कोणतं गाणं, अन् डब्याची बॅटरी रातभर पुरते का?