मावशीची ७२ची फियाट : भंगारात, हॉटेलच्या दारात की पुन्हा रस्त्यावर?

शरणपूर_रोडची_भाची

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जुन्या गाड्यांतलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

नाशिकला शरणपूर रोडवर आईचा बंगला आहे. तो आता बिल्डरकडे जातोय. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली माझ्या मावशीची फियाट उभी आहे. ११०० डिलाइट, १९७२ची. मावशी आधी नाटकात होती, मग दूरदर्शनवर गेली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत कृष्णधवल पडद्यावर जी मराठी नाटकं नि नाटुकली लागायची, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ती दिसायची. नंतर मालिका केल्या. नाव लिहीत नाही, मामांना आवडणार नाही.

नव्या फियाटला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, म्हणून तिने दादरच्या एका डॉक्टरांकडून ही वापरलेली घेतली. ड्रायव्हर कधी ठेवला नाही. दादर ते वरळी रोजचं, आणि नाशकात प्रयोग असला की कसाऱ्याचा घाट चढून स्वतः यायची. वर आल्यावर घाटनदेवीपाशी थांबायचं, बॉनेट उघडून इंजिन थंड होऊ द्यायचं, देवीला नमस्कार करायचा आणि मग पुढे इगतपुरी, घोटी. आम्ही भाचरं मुंबई नाक्याच्या बाजूने ओळखीचा हॉर्न येतोय का, ते ऐकत बसायचो.

गाडीतली एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण माझा प्रश्न तिच्यावरच अडलाय. मागच्या सीटच्या वर, एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत एक पितळी दांडी आहे. तिच्यावर मावशी प्रयोगाच्या साड्या हँगरला लावून आणायची, म्हणजे घडी मोडत नाही. घाटात वळणावर हँगर एकमेकांवर आपटून खडखड करायचे, म्हणून तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून दांडीवर थोड्या थोड्या अंतराने चढवले होते. रबर आता कडक होऊन चिरलंय, पण जागचं हललेलं नाही. हँगर जिथे अडकायचे तिथे पितळ घासून चकचकीत झालंय, बाकी दांडी काळी पडलीय.

मावशी गेल्यापासून गाडी उभीच आहे. मुंबईची असल्यामुळे तळाला गंज आधीपासून होता. इथल्या कोरड्या हवेत तो फार वाढला नसावा असं वाटतं. समोर तीन वाटा आहेत. मामेभाऊ म्हणतो भंगारवाला वजनावर घेईल, मोकळे होऊ. त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलवाल्यांना ती दारात चौथऱ्यावर हवी आहे. ते इंजिन काढून टाकणार आणि आत दिवे लावणार, लोक बसून फोटो काढतील. तिसरे पुण्याचे एक संग्राहक आहेत. गृहस्थ जाणकार आहेत, प्रेमाने बोलले, गाडी पूर्ण सुधारायचीही त्यांची तयारी आहे. पण दार उघडून त्यांनी पहिलं वाक्य टाकलं ते असं : “ही दांडी काढावी लागेल, कंपनीची नाही.” मला तिथेच नको झालं.

माझी इच्छा विचाराल तर गाडी चालावी आणि दांडी राहावी. मी शिक्षिका आहे, हाताशी फार पैसा नाही, पण यासाठी थोडा बाजूला ठेवलाय. आरसी बुक मिळालंय, मावशीच्याच नावावर, मुंबईचा जुना नंबर. तिचं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील आधीच गेलेले. मागे फक्त माझी आई आणि मामा.

कागद माझ्या नावावर होतील का? इंजिन जिवंत असेल का? आणि ती दांडी म्हणजे खरंच ‘बदल’ धरतात का?

पेठरोड_वारीवाला

ताई, आमचं काम आरटीओशी रोजचं, म्हणून कागदांचं तेवढं सांगतो.

आधी नाव, मग बाकी सगळं. मालक गेल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ असतो. मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, आणि आई नि मामा दोघांचं तुमच्या नावाला हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. मामांची सही आत्ताच घ्या. घर पाडायच्या गडबडीत माणसं गावोगाव पांगतात आणि मग एका सहीसाठी फायली अडून राहतात. इतकी जुनी नोंद ऑनलाइन दिसत नाही बहुतेक. तशी नसेल तर मूळ मुंबईच्या कार्यालयातून बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घ्यावी लागेल. चिकाटीचं काम आहे, पण होतं.

पुढे दोन रस्ते आहेत. पहिला नेहमीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा : गाडी तपासणीला न्यायची, पास झाली की पाच वर्षं. २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५पासून याची फी १०,००० रुपये आहे. वर पर्यावरण कर आणि उशिराचं जे काही निघेल ते.

दुसरा व्हिंटेजचा. जुलै २०२१मध्ये केंद्राने त्याचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली खासगी गाडी त्यात बसते, म्हणजे तुमची बसते. फी २०,००० आणि मुदत १० वर्षं, नंतरच्या वेळी ५,०००. आधीची नोंदणी असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. पण व्हिंटेज केली की रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. अधूनमधून सहज घाटनदेवीला जाऊन यायचं मनात असेल तर पहिला रस्ता धरा.

दांडीचं म्हणाल तर नियमात चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको असं आहे. साड्या टांगायच्या दांडीचा त्यात काही संबंध नाही.

आणि भंगाराला दिलीच, तर आरसी रद्द करून घ्यायला विसरू नका. नाहीतर मावशींच्या नावावर ती कागदोपत्री फिरत राहील.

गोदाकाठचा_वाचक

माझं मत थोडं वेगळं आहे. हॉटेलवाल्यांना एकदम नाही म्हणू नका. लालबहादूर शास्त्रींची १९६४ची फियाट बघा. पंतप्रधान असताना १२,००० रुपयांना घेतली, त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज, आणि ते गेल्यावर ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. आज ती गाडी दिल्लीच्या स्मारकात उभी आहे आणि लोक आवर्जून बघायला जातात. गाडी उभी राहिली म्हणजे संपली असं नाही. तुम्ही नोकरी सांभाळून ही सांभाळणार कशी? दारात उभी राहिली, शेजारी मावशींची माहिती लावली, तर हजारो लोक वाचतील. शेडमध्ये कोण बघणार?

शरणपूर_रोडची_भाची

तुमचा मुद्दा कळतो, आणि माहिती लावायची कल्पना आवडलीसुद्धा. पण शास्त्रीजींची गाडी होती तशी जपली आहे. इथे इंजिन काढून विकणार आणि दारं सारखी उघडझाप होणार. चौथरा उघड्यावर, त्र्यंबक रोडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. दोन पावसाळ्यांत पत्रा जाईल, मग तीही भंगारातच. त्यापेक्षा आज सरळ भंगारात दिलेली बरी.

सातपूरचा_फियाटमिस्त्री

ताई, राम राम. तुमचं सगळं वाचलं. आमची हयात या गाड्यांखाली गेली, म्हणून अगदी मनापासून लिहितो.

पहिली गोष्ट, कुणी कितीही म्हणालं तरी बॅटरी जोडून स्टार्टर मारू देऊ नका. उभी गाडी चालू करायच्या घाईतच मरते. आत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, जोर लावला की तुटतात. चारी प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडायचं आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. मग पुढच्या पुलीला पाना लावून हाताने हळू फिरवून बघायचं. पाव फेरा जरी फिरलं तरी समजा इंजिन जिवंत आहे. १०८९ सीसीचं हे इंजिन फार सोशिक. बिघडलं तरी दुरुस्त होतं, कारण सगळं हाताला सापडतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल लाखेसारखं झालं असेल. टाकी उतरवून धुवावी लागेल, कार्बोरेटर उघडावा लागेल. पेट्रोलचे रबरी पाइप आणि इंजिनवरच्या पंपाचा पडदा नवाच टाकायचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते जुनं रबर खातं आणि पाणीही ओढतं. म्हणून पाइप घेताना इथेनॉलला टिकणारेच मागून घ्या, आणि टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे आहेत. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर जाम झालेले असणार, किट टाकावे लागतील. वायरिंगचं कव्हर हाताने चुरगळून बघा. चुरा पडला तर आधी वायरिंग, नंतर बॅटरी.

सामानाची काळजी नको. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली, आणि २० वर्षांची मुदत संपून २०२३ला ती रस्त्यावरून कायमची गेली. पद्मिनी म्हणजे तुमच्याच गाडीची पुढची पिढी, मशीन तेच. टॅक्सीवाल्यांचं पुष्कळ सामान अजून फिरतंय. जे मिळत नाही ते इथे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेता येतं, आम्ही बुश आणि पिना तिथेच करतो. फक्त एक सांभाळा. कुणी म्हणेल, “टॅक्सीचं चालू इंजिन आणून बसवतो, स्वस्तात होईल.” तसं करू नका. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला पाहिजे.

खरा खर्च पत्र्याचा. मॅट उचला, ड्रायव्हरच्या पायाखाली आणि दारांच्या खालच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर तेवढा पत्रा कापून नवा जोडायला सांगा. गंजावर लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारणारा कारागीर असेल तर गाडी तिथून उचलून आणा. वर्षभरात फुगे येतात.

रंग मात्र सगळा काढू नका. जिथे पत्रा बदलला तिथेच जुळवून मारा. नवा कोरा रंग मारला की गाडी कुणाचीही होते. तुमच्या मावशीने उजव्या दारावर कोपर टेकवून जिथे रंग उडवला असेल तो उडालेलाच राहू द्या.

पुण्याच्या साहेबांवर राग नका धरू. त्यांचा छंद कंपनीतून निघाली तशी गाडी करायचा आहे, तोही चांगलाच. पण ही गाडी कंपनीपेक्षा मावशींजवळ जास्त वर्षं राहिली. दांडी हलवायची नाही. चिरलेलं ट्यूबचं रबरसुद्धा नाही.

कालिदासची_प्रेक्षक

मी बहुतेक ओळखलं त्या कोण ते, नाव लिहीत नाही. नाशकातल्या कालिदास नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी ती फियाट लागलेली मी पाहिलीय. प्रयोग संपल्यावर त्या स्वतः हातावर साड्या घेऊन यायच्या आणि एकेक टांगायच्या. आम्ही मुली लांब उभ्या राहून बघायचो. बाई स्वतः गाडी चालवत मुंबईहून येते आणि रात्रीची परतही जाते, याचं आम्हाला कोण अप्रूप! त्या साड्यांपैकी एखादी असेल तर जपून ठेवा ताई. आणि गाडीसोबतचा एखादा फोटो सापडला तर आरसीच्या फाइलमध्येच ठेवा, म्हणजे पुढे कुणी पुरावा मागितला तर हाताशी असेल.

शरणपूर_रोडची_भाची

काकू, वाचताना आईला रडू आलं. फोटो आहे, घाटनदेवीपाशी काढलेला, नंबर स्पष्ट दिसतोय. फाइलमध्ये ठेवते.

काल मामांशी बोलले. मिस्त्रीकाकांचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. सही द्यायला तयार आहेत, एकच अट घातली : विकायची नाही. मला हवं तेच झालं. हॉटेलवाल्यांना आणि पुण्याला नाही कळवलंय. मखमलाबादला एका मैत्रिणीच्या मळ्यात पक्कं शेड मिळतंय. पैसे जमतील तसं एकेक काम करीन, आधी ब्रेक आणि पत्रा. नोंदणी साधीच ठेवणार आहे, मला ती चालवायची आहे.

काका, गाडी शेडमधून मळ्यापर्यंत न्यायची कशी? टायर पार बसलेत. मामेभाऊ म्हणतो, दोर बांधून ओढू.

सातपूरचा_फियाटमिस्त्री

दोर अजिबात नको, ब्रेक जाम आहेत. सपाट पाठीची गाडी बोलवा, वर चढवून नेतात ती. आदल्या दिवशी मला कळवा. चाकं काढून ड्रम मोकळे करून देतो आणि चार चालू टायर चढवतो, नेईपर्यंत वापरा. चढवताना हुक बंपरला लावू देऊ नका, खालच्या चॅसिसलाच लावायला सांगा. आणि निघायच्या आधी दांडीला जुनी चादर गुंडाळा.