रॅम्पवर अडकलेली फियाट

बी-२०३ वहिनी: आज पुन्हा तेच. ७:३५ ला फियाट रॅम्पवर, मागे चार गाड्या. मुलांची बस ७:४० ला येते. काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण गेल्या महिन्यातही हेच झालं होतं.

ए-४०२ काका: वहिनी, मनापासून माफी मागतो. गिअर अडकला, पुढेही जाईना, मागेही येईना.

सी-१०१: वार्षिक सभेत ठरलंय, पार्किंगमध्ये गाडीची दुरुस्ती करायची नाही.

ए-५०१: वॉचमन मामा होते म्हणून निभावलं. त्यांनी बॉनेट उघडून लिंकेजचे (गिअरच्या दांड्याला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या रॉडांचे) दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलला आणले. उगाच नाही इतकी वर्षं पद्मिनी, म्हणजे याच फियाटची टॅक्सी चालवली.

डी-३०२: काका, ईव्ही घ्या. गिअरची कटकटच नाही 😄

बी-२०३ वहिनी: ईव्हीवरून आठवलं, तुमच्या चार्जिंगचं मीटर वेगळं झालं का? की अजून कॉमन लाइटवरच?

डी-३०२: अर्ज दिलाय वहिनी, दोन महिने झाले. सेक्रेटरींना विचारा.

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगमध्ये घेऊ. आत्ता गाडीचं बोला.

सी-१०१: परत लिहितो. पार्किंगमध्ये दुरुस्ती करायची नाही, असं ठरलंय. आणि इतकी जुनी गाडी भंगारात द्यायला हवी. मुंबईत पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ मध्ये बंद झाल्या.

ए-४०२ काका: टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, खासगी गाडीला नाही. माझी १९७९ ची आहे, दर ५ वर्षांनी फेरनोंदणी करतो. कागद हवे असतील तर घरी येऊन बघा.
आता दोष सांगतो. हँड गिअर आहे, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत रॉड जातात. त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट, म्हणजे टोपणं, फाटलेत. आत धूळ-पाणी जातं, ग्रीस सुकतं, सांधा झिजून ढिला होतो. मग एक गिअर पुरता सुटायच्या आत दुसऱ्याचा लिव्हर सरकतो आणि सगळं जाम होतं. नवे बूट आलेत, रविवारी बसवतो.

ए-५०१: नुसत्या बुटांनी भागणार नाही काका. सांध्यातले बुश (आतल्या कड्या) झिजले असतील तर ढिलेपणा राहणारच.

ए-४०२ काका: बरोबर आहे. गेल्या महिन्यात मी वरवर ग्रीस मारलं, तिथेच चुकलो. या वेळी बुशही बदलतो.

डी-३०२: मदतीला येऊ? मघाशी मस्करी केली, पण खरंच बघायचंय.

ए-४०२ काका: ये की. आधी चाकांना दगड लावू, कारण रॉड सोडल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून भागत नाही. नटांच्या जागी रंगाची खूण करू, नाहीतर सेटिंग पहिल्यापासून करावं लागेल. बूट कोमट पाण्यात ठेवला की मऊ होतो, मग चमच्याच्या दांड्याने त्याची कड खाचेत बसवायची. स्क्रूड्रायव्हर नको, रबर फाटतं. आणि ग्रीस सिलिकॉनचंच. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

सी-१०१: पार्किंगमध्ये दुरुस्ती करायची नाही.

बी-२०३ वहिनी: अहो, वाचलं आम्ही तिन्ही वेळा! काका, रविवारी करून टाका, पण सोमवारी बस चुकता कामा नये.

सेक्रेटरी: रविवारी ९ ते १२, टाकीमागच्या मोकळ्या जागेत. खाली पुठ्ठा घाला, फरशीवर तेल दिसलं तर सफाईचा खर्च काकांकडून घेऊ.

ए-४०२ काका: मान्य. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघेन, मगच गाडी जागेवर आणेन. वहिनी, सोमवारी ७ च्या आत ती गेटबाहेर असेल.