जांभळा दिवाच हवा का?

घरात रोपं वाढवायला 'जांभळा ग्रो लाइटच घ्या' (म्हणजे झाडांना उन्हाऐवजी उजेड देणारा दिवा), असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय, ते मला पटत नाही. रोपांना आणि पालेभाज्यांना 6500 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, साधा पांढरा एलईडी पुरतो. शिवाय जांभळ्या उजेडात पानं पिवळी पडलेली चटकन कळतच नाहीत. जास्त वॅटचा दिवा आणण्याआधी आहे तोच खाली, रोपांच्या जवळ घ्या. एकट्या बल्बचं अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो.

पाण्याबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, कुंड्यांपेक्षा उंच भिंतीला लावा. वायर प्लगपाशी येण्याआधी खाली झोळ सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, बोर्डात शिरत नाही. माझा एक बोर्ड फवाऱ्याच्या पाण्याने जळला, तेव्हा ही अक्कल आली!