ब्लॅक बेल्ट ही सामुराईंची परंपरा नव्हे

अरुणा_ठाणे:
कराटेच्या क्लासात मुलांना सांगतात, पूर्वी बेल्ट धूत नसत, घामामातीने तो काळा पडे, तोच ब्लॅक बेल्ट. ही भाकडकथा आहे. सामुराईंच्या काळात कमरेच्या पट्ट्यावरून दर्जा ठरतच नव्हता. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेच्या घराण्यांत गुरू शिष्याला मोकुरोकु, मेंक्यो असे लेखी परवाने देत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान हे ज्युदोचं विद्यालय काढलं, 'गो' या पटावरच्या खेळातल्या 'दान' श्रेणी ज्युदोत आणल्या आणि १८८३ मध्ये साइगो व तोमिता या शिष्यांना पहिला दान दिला. काळा पट्टा आला त्यानंतर. कराटेत तर ती कला जपानभर नेणाऱ्या फुनाकोशींनी पहिले दान दिले १९२४ मध्ये! पिवळा-नारिंगी-हिरवा ही रंगांची शिडी युरोपात रुजली. आज दर तीन महिन्यांनी परीक्षा, नवा रंग, नवी फी. परंपरेच्या नावावर हे खपवू नका.

मंदार:
इतिहास मान्य, निष्कर्ष नाही. इएमोतो, म्हणजे घराण्याच्या प्रमुखाच्या हाती सगळे अधिकार असण्याच्या पद्धतीत, परवान्यासाठी गुरूला पैसे मोजावेच लागत, तेव्हा फी काही रंगांबरोबर आली नाही. कानो हाडाचे शिक्षक, तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख. वर्षानुवर्षं परवान्याच्या एका गुंडाळीची वाट बघण्यापेक्षा विद्यार्थ्याला आपण कुठवर आलो हे कळावं, हीच त्यांची सुधारणा. आठ वर्षांच्या पोराला हिरवा बेल्ट मिळाल्यावर तो पुढचं वर्ष टिकतो, हे मी रोज बघतो.

शिनाई:
मग केंदोचं, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळायच्या जपानी तलवारबाजीचं काय? तिथे दान आहेत, पण अंगावर खूण नाही. नवखा आणि सातव्या दानाचा माणूस, दोघांचा पोशाख सारखाच. आठव्या दानाला वय किमान ४६, सातव्यानंतर दहा वर्षांचा सराव, आणि तरी शंभरातला एखादाच पास होतो. दर्जा राखायला रंग लागत नाही.

मंदार:
केंदोत अंगावर चिलखत असतं. ज्युदोत समोरच्याला उचलून आपटायचं असतं. पांढरा बेल्ट दिसला की जाणता खेळाडू हात राखून फेकतो, कारण पडण्याचं तंत्र, उकेमी, त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं.

अरुणा_ठाणे:
त्यासाठी पांढरा आणि काळा, फार तर तपकिरी, पुरेसे आहेत. जपानमधल्या मोठ्यांच्या ज्युदोत बहुतेक तेवढेच दिसतात. आमच्या कराटेच्या क्लासात मधल्या निम्म्या पट्ट्यांच्या परीक्षेत एकदाही समोर जोडीदार उभा केला नाही, नुसता काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, करून घेतला. तुमच्याकडे हिरव्या बेल्टला मुलाला कुणाशी लढवून बघता का, ते सांगा.