हातात ड्रोन आहे, पण वर न्यायची धास्ती वाटते. सुरुवात कशी करू?

आंबेमोहर (प्रश्न)

नमस्कार. मी सिंहगड रस्त्याला आनंदनगरमध्ये राहते, शाळेत भूगोल शिकवते. मोठ्या भावाने त्याचा छोटा कॅमेरा ड्रोन मला दिला आहे. डीजेआय मिनी, 249 ग्रॅमचा. भाऊ आता बंगळूरला असतो, त्यामुळे शेजारी उभं राहून शिकवणारं कोणी नाही.

मला तो कशासाठी हवा आहे ते सांगते. आमचं गाव पौडच्या पुढे. भाताची खाचरं उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी खाली ओढ्यापर्यंत जातात. वडील पूर्वी पावसात मागच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, चढून जायचे. कुठला बांध फुटलाय, पाणी कुठल्या खाचरात तुंबलंय, हे त्यांना तिथून एका नजरेत कळायचं. आता गुडघ्यांमुळे ते पडवीच्या पुढे फारसे जात नाहीत. तेच दृश्य मला त्यांना पडवीत बसल्या जागी दाखवायचं आहे. पुढच्या पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा दाखवता यावं, म्हणून आत्ता भातकापणी झाल्यावर शिकायला सुरुवात करायची आहे.

पण खरं सांगते, भीती वाटते. मोटारी सुरू झाल्या की त्या आवाजानेच हात ताठ होतात. आपल्या हातून तो कोणाच्या अंगावर गेला तर, हा विचार डोक्यातून जात नाही. प्रश्न असे: शिकायला सोसायटीची गच्ची चालेल का? घाबरून हात सोडले तर तो खाली पडतो का? आणि त्याचं तोंड माझ्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होतं, त्याची सवय कशी करायची? परवाना लागतो का, तेही सांगा.

मोजणीवाला

ताई, मी वारज्याचा. जमीनमोजणीच्या कामात ड्रोन उडवतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना पहिले काही दिवस मीच शिकवतो. तुमची भीती मी त्यांच्यात नेहमी बघतो. कोणाच्या अंगावर जाईल का, हा विचार ज्याच्या डोक्यात आधी येतो, त्याला शिकवायला मला आवडतं.

गच्चीचा विचार सोडून द्या. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळ्या असतात, टाकीचा स्टँड लोखंडी असतो, त्याने ड्रोनचा कंपास बिघडतो. कठड्याला वारा आपटून वर उसळतो, म्हणजे खाली झाड हलत नसलं तरी वर झोत असतो. आणि खाली माणसं. शिवाय आनंदनगरपासून एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, किती जवळ आहे ते तुम्ही जाणताच. पुण्यात या बाबतीत गाफील राहून चालत नाही. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे, खडकी आणि देहूरोडला दारूगोळ्याचे कारखाने, पाषाणला डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधनाच्या, प्रयोगशाळा. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडून आपली जागा कुठल्या रंगात येते ते दर वेळी बघायचं. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, हिरव्यात 400 फुटांपर्यंत मोकळीक आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक 200 फुटांवर येते, 8 किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच परवानगी.

परवान्याचं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण नियमांत ड्रोनची नोंदणी आणि युआयएन, म्हणजे त्या ड्रोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, सांगितला आहे, हातबदल झाला तर त्याचं हस्तांतरणही. भावाशी बोलून ते काम आधी उरका. आणखी एक, पंखांना गार्ड लावलात किंवा वर दिवा चिकटवलात की वजन 250 च्या पुढे जातं. तसे जोडकाम करू नका.

आता मुख्य मुद्दा. हात सोडले तर तो पडत नाही. जीपीएस नीट मिळालेला असेल तर स्टिक, म्हणजे रिमोटवरच्या दोन दांड्या, सोडल्या की तो थांबतो आणि आहे तिथेच तरंगत राहतो. हे मी सांगून तुमची भीती जाणार नाही, ते हाताला कळावं लागतं. म्हणून पहिल्या दिवशी एवढंच करा. उड्डाण करून डोक्याच्या थोडं वर न्या. पुढे थोडं ढकला, सोडा. तो थांबताना बघा. डावीकडे ढकला, सोडा. परत बघा. बॅटरी संपेपर्यंत फक्त ढकलणं आणि सोडणं. माणूस घाबरला की स्टिक आणखी घट्ट दाबतो, आणि अपघात तिथे होतो. घाबरल्यावर बोटं आपोआप उघडायला शिकली की निम्मं काम झालं.

मात्र हे जीपीएसच्या जोरावर चालतं. उपग्रह पुरेसे मिळाले आणि होम पॉइंट, म्हणजे परत यायची जागा, नोंदला गेला, हे ॲप सांगतं. तोवर जमिनीवरच ठेवायचा. घाई करून आधीच वर नेला तर वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि परत कुठे यायचं ते त्याला माहीत नसतं.

स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा, नुसत्या अंगठ्याने नको. थरथरणारा हात चिमटीत पुष्कळ शांत होतो. आणि सिने मोडवर ठेवा, त्यात सगळ्या हालचाली मंद होतात. स्पोर्ट मोडच्या बटणाला या वर्षी हात लावू नका.

तोंड आपल्याकडे असतानाचा गोंधळ: सुरुवातीला ड्रोनची पाठ कायम आपल्याकडे, म्हणजे त्याचं डावं ते आपलं डावं. असा चौकोन उडवता यायला लागला की डाव्या स्टिकने थोडा थोडा वळवत जायचं. पूर्ण तोंड आपल्याकडे असताना एकच गोष्ट लक्षात ठेवा. तो ज्या बाजूला सरकतोय, त्याच बाजूला उजवी स्टिक न्यायची. कलत्या मांडवाला ज्या बाजूला तो कलतोय तिकडून टेकू देतो ना, तसं. डावं-उजवं मनात उलटवत बसलात तर उशीर होतो, टेकू आठवला की हात पटकन जातो.

रानपाखरू

वरचं सगळं मान्य. मी पक्षी बघणारी आहे, म्हणून एक भर घालते.

ताई, घारींकडे लक्ष ठेवा. पुण्यात आणि आसपास त्या भरपूर आहेत, आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यांचा विणीचा काळ असतो. घरट्याजवळ काही उडालं की त्या सरळ अंगावर येतात. कोतवाल एवढासा पक्षी, पण तोही घारीला पळवून लावतो, ड्रोनची काय कथा. आधी पाच मिनिटं नुसतं आभाळ बघा. घार एकाच झाडाभोवती घिरट्या घालत असेल तर त्या दिवशी ती बाजू सोडा. अंगावर आलीच तर ड्रोन सरळ वर न्या, तिला सरळ वर चढणं जड जातं. मग दूर होऊन उतरवा. पंख्याच्या पात्याने तिला इजा झाली तर ती भरून येत नाही हो, आणि तिथलं आभाळ तिचं आहे. आपण पाहुणे आहोत.

संक्रांतीच्या आगेमागे गावात पतंग असतील तर मांजाचंही बघा. मांजा वरून दिसत नाही.

चिंचवडकर

माझं मत थोडं वेगळं आहे. जीपीएसवाल्या ड्रोनवर शिकलेल्या माणसाला तो स्वतः तरंगतो याची सवय लागते. ज्या दिवशी जीपीएस जातो, त्या दिवशी हातात काहीच नसतं. एक साधा खेळण्यातला ड्रोन घ्या, जीपीएस नसलेला, आणि बंद हॉलमध्ये उडवा. तो सतत सरकतो, सतत सावरावा लागतो. तोंड आपल्याकडे असतानाची सवय त्याच्यावर फार लवकर होते, कारण भिंतीला आपटला तरी काही बिघडत नाही. मग महागाचा बाहेर काढा.

मोजणीवाला

चिंचवडकरांचं पटतं. शाळेचा हॉल सुट्टीच्या दिवशी मिळाला तर उत्तमच. फक्त ताई, खेळण्यावर हात बसेपर्यंत मोठा बाहेर काढायचाच नाही असं करू नका. दोन्ही बरोबर चालू द्या.

आंबेमोहर

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉलचं मुख्याध्यापिकांना विचारते. ढकला आणि सोडा, हे वाचूनच थोडं हलकं वाटलं.

आता गावाचं विचारते. आमची सर्वांत वरची खाचरं डोंगराला लागून आहेत आणि मागे टेप चढत जातो. घर खाली, ओढ्याच्या बाजूला आहे. उड्डाण अंगणातून करू का? आणि ते बटण दाबलं की स्वतः घरी येतो म्हणतात, त्यावर किती विसंबू? गावात लोक काही म्हणतील का, याचीही काळजी आहे.

मोजणीवाला

बरं झालं विचारलंत, मुळशीच्या उतारांवर हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

पडद्यावर दिसणारी उंची ही ड्रोनच्या खालच्या जमिनीपासूनची नसते. जिथून उडवला त्या जागेपासूनची असते. तुम्ही ओढ्याजवळच्या अंगणातून उडवलात आणि पडद्यावर 60 मीटर दिसतंय, पण वरची खाचरं अंगणापासून 50 मीटर चढावर असतील, तर तिथे ड्रोन जमिनीपासून जेमतेम 10 मीटरवर आहे. पुढे आंब्याचं झाड असेल तर संपलंच. भूगोलाच्या बाईंना समोच्च रेषा मी काय सांगणार, पण शेताचा तसा नकाशा काढून जवळ ठेवाच. कुठली जागा अंगणापासून किती वर आहे, झाडं किती उंच, विजेच्या तारा कुठून गेल्यात. तारा तर कॅमेऱ्यात दिसतच नाहीत. खांब दिसतात, त्यावरून अंदाज घ्यायचा.

घरी परत येण्याचं बटण याच उंचीवर चालतं. सेटिंगमध्ये परतीची उंची असते. सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की ड्रोन त्या उंचीपर्यंत चढतो आणि सरळ रेषेत घराकडे निघतो. मिनीला समोरचा अडथळा दिसतोच असं नाही, बऱ्याच मॉडेलना पुढे सेन्सर नसतात. त्यामुळे परतीची उंची वाटेतल्या सर्वांत उंच झाडाच्या किंवा तारेच्या चांगली वर ठेवा, 400 फुटांच्या आत राहून. मी सांगेन, अंगणातून उडवूच नका. मधल्या एखाद्या मोकळ्या खाचरात उभ्या राहा. वरचं आणि खालचं दोन्ही टोक डोळ्यांना दिसेल आणि उंचीचा फरकही निम्मा होईल. ड्रोन कायम डोळ्यासमोर हवा, पडद्यात डोकं घालून उडवायचं नाही.

कापणीनंतर खाचरात धसकटं राहतात, ती पात्यात अडकतात. गाडीतलं रबरी मॅट घेऊन जा, त्यावरून उडवा आणि त्यावरच उतरवा. उतरताना डावी स्टिक पूर्ण खाली ओढून मोटारी बंद होईपर्यंत धरून ठेवायची, मध्येच सोडली की तो उडी मारतो. मोटारी थांबल्याशिवाय हात जवळ न्यायचा नाही. सकाळी दव सुकल्यावर आणि वारा सुटायच्या आधी, म्हणजे थंडीत आठ ते दहाच्या मधे हवा चांगली मिळते. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा आणि येताना वाऱ्याबरोबर या, म्हणजे बॅटरी कमी असताना झगडावं लागत नाही. खोक्यावर तीसेक मिनिटं लिहिलेली असतात, ती विसरा. 30 टक्के उरले की उतरवायचा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती वापरायची नाही, आणि उडवून गरम असताना चार्जिंगला लावायची नाही.

ओढ्यावर फार खाली जाऊ नका. पोटाखालच्या सेन्सरला वाहतं पाणी नीट कळत नाही. पावसाळ्यातल्या उघडिपीतही भुरभुर सुरू झाली की लगेच खाली, हा ड्रोन पाण्यासाठी बनलेला नाही. खाचरात पाणी असेल तेव्हा उतरवायची जागा आधी ठरवा, बांधावर नव्हे, घराच्या खळ्यात.

लोकांचं. गावाला ड्रोन नवा नाही. स्वामित्व योजना 2020 मध्ये सुरू झाली तेव्हापासून गावठाणांची मोजणी ड्रोननेच होते आहे. पण 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोक फार धास्तावले होते, आणि ते चुकीचं नव्हतं. आपल्या घरावर कोण काय उडवतंय हे कळायचा त्यांना हक्क आहे. पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. शेजारच्या खाचरवाल्यांना बोलवा, त्यांचं शेतही त्यांना दाखवा. दुसऱ्याच्या अंगणावरून, विहिरीवरून, बायका धुणं धूत असतील तिथून नेऊ नका. धरणाच्या भिंतीकडे वळवायचाच नाही. आणि गडाचा मोह होईल, पण संरक्षित गडांवर संबंधित खात्याची परवानगी लागते.

रानपाखरू

वडिलांना पडद्यावर ऊन पडलं की काही दिसत नाही. पडवीत सावलीत बसवा, तुम्ही खाचरात उभ्या राहून रेकॉर्ड करा आणि नंतर घरातल्या टीव्हीला लावा. तिथे त्यांना थांबवून, मागे नेऊन बघता येईल.

आंबेमोहर

टीव्हीचं फारच चांगलं सुचवलंत, ते थांबवून बांध दाखवतील आणि मी लिहून घेईन. समोच्च नकाशा या रविवारी वडिलांना विचारूनच काढते, कुठला बांध कोणाच्या वेळचा तेही त्यांना माहीत आहे. मोजणीवाले दादा, विजेच्या तारांसाठी परतीची उंची ठरवताना खांबाच्या वर साधारण किती अंतर ठेवता?

मोजणीवाला

खांब आणि झाड, दोन्हीत जे उंच त्याच्या वर निदान 15 मीटर. ते झाड चढावर असेल तर चढाची उंची आधी मिळवायची, मग 15. नकाशा काढलात की आकडे इथे टाका, आपण मिळून ठरवू.