मदत हवी आहे : बंद झालेल्या वॉटरप्रूफिंगवाल्यांची गिऱ्हाइकं कशी मिळवावीत?

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला माझं वॉटरप्रूफिंगचं छोटं काम आहे, मी आणि चार कारागीर. आमच्याच भागातल्या एका जुन्या कॉन्ट्रॅक्टर काकांनी वयामुळे धंदा बंद केला. वडगाव, धायरीतल्या बऱ्याच सोसायट्या त्यांच्याकडे होत्या. जूनमध्ये गच्च्या गळायला लागल्या की त्या कुणाला तरी शोधणारच. जाहिरातीला पैसे नाहीत. काकांचा एक मिस्त्री माझ्याकडे आलाय, त्याला सगळ्या गच्च्या पाठ आहेत (हे घबाडच!). काकांचा फोन माझ्याकडे वळवून घ्यावा आणि मिळालेल्या कामावर त्यांना टक्केवारी द्यावी, असं डोक्यात आहे. किती टक्के रास्त? की सरळ सेक्रेटरींना गाठून गच्ची फुकट तपासून द्यावी? काकांनी दिलेल्या जुन्या गॅरंटीचं लफडं मात्र गळ्यात नको. कुणी केलंय का असं?