आठ फुटांच्या पार्किंगमधलं गॅरेज : जुन्या जीप-जिप्सीवाल्यांनो, अनुभव लिहा

बोरिवलीच्या आमच्या इमारतीत माझ्या वाट्याला आलेली पार्किंगची जागा आठ फूट रुंद आहे. एका अंगाला खांब, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची नवीकोरी गाडी आणि मध्ये माझी २००३ ची जिप्सी. जिप्सी जेमतेम पाच फुटांची, म्हणून दोन्हीकडे दीड-दीड फूट उरतं. तेवढ्यात मी, जॅक, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) आणि पसरलेले पाने. नाशकाकडच्या मित्राकडे अंगण आहे, तो आंब्याच्या फांदीला चेनकप्पी टांगून इंजिन उचलतो. आपल्याकडे अंगणही नाही आणि आंबा असतो तो पेटीतला. तरी मुंबईत घरच्या घरी जुन्या फोर बाय फोरची कामं करणारे पुष्कळ आहेत. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुट्या भागांच्या बाजारात एका ऑइल सीलसाठी ताटकळताना शेजारी कोणीतरी तेच सील मागत उभा असतोच. त्या सगळ्यांनी वर आपलं टोपणनाव टाकून लिहावं म्हणून हा धागा.

जमलेलं लिहाच, पण अंगाशी आलेलं आधी लिहा. सुरुवात माझ्यापासून.

गेल्या वर्षी घोडबंदर रोडला साठच्या वेगात पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की दात वाजले. गाडी जवळजवळ थांबवल्यावर ते शांत झालं. ज्याला विचारावं तो म्हणे स्टिअरिंग डँपर (झटके शोषणारा दांडा) बदल. बदलला. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. डँपर थडथड दाबून ठेवतो, ती जिथून उठते तिथे त्याचा हात पोचत नाही. माझं दुखणं किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांच्या, बेअरिंगांत होतं. जिप्सीच्या पुढच्या अॅक्सलला दोन्ही टोकांशी मोठा गोळा असतो आणि त्याच्यावर नकल, म्हणजे चाक धरणारा भाग, वर-खाली अशा दोन किंगपिनांवर फिरतं. किंगपिनच्या खाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात. बेअरिंग झिजली की पकड सैल होते, मग एक खड्डा पुरतो.

बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला मिळाल्या, सील ऑपेरा हाऊसला. खरी पंचाईत पुढे. शिम काढली की पकड वाढते, पण किती वाढवायची हे हाताच्या अंदाजाने कळत नाही. नकलला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं आणि ते किती किलोला हलतं ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. असा काटा आमच्या गल्लीत एकाच माणसाकडे होता. रद्दीवाला. त्याने दिला, पण काटा परत मिळेस्तोवर हलला नाही. नकल ओढताना मला विचारतो, "काय साहेब, गाडी वजनावर काढताय?"

दोन रविवार गेले. वरची किंगपिन वर आणि खालची खाली अशी खूण करून ठेवायची असते, ती मी एका बाजूला विसरलो, म्हणून तिसराही गेला. आता नव्वदला एका बोटावर चालते.

अपग्रेडचीही एक गोष्ट सांगून टाकतो. मूळच्या २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टायर घातले होते. दिसायला गाडी वाघ. पण तो टायर उंचीला जवळजवळ दहा टक्के जास्त, म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ वर असते. वळताना टायर पत्र्याला घासतो, स्टिअरिंग जड होतं आणि बोरघाटात तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसरा मागते. सहा महिन्यांत मूळ मापावर परत आलो. गाडी उंच करायचं लिफ्ट किट, दोराने ओढणारी विंच, छतावरचे दिवे या सगळ्यांच्या आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि वायरिंग, असं माझं मत त्या सहा महिन्यांत झालं. पटत नसेल तर भांडा.

उलटा आटा

भांडत नाही, उलट माझं हे नाव कुठून आलं ते सांगतो.

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत वडिलांची सीजे थ्री-बी उभी असायची. उंच बॉनेटवाली पेट्रोल जीप, हरिकेन इंजिन. इनटेकचा व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्टचा ब्लॉकमध्ये, असं ते चमत्कारिक इंजिन. मी तेव्हा दहावीत. वडील गावाला गेले असताना पुढचं डावं चाक पंक्चर झालं. मी आणि शेजारचा दादा, दोघं व्हील पान्यावर आळीपाळीने उभे राहिलो. नट हलेना. मग पाइप घालून दांडा लांब केला आणि जोर लावला. कडाड् करून स्टड तुटला. आम्ही म्हटलं, गंजलाय. दुसरा नट घेतला. तोही तुटला.

वडील आले, बघितलं, ओरडले नाहीत. खडूने जीपच्या पत्र्यावर बाण काढून दाखवला. त्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, चालताना सैल पडू नयेत म्हणून. आम्ही दोघं जीव तोडून नट आवळत होतो!

हँडल मारून इंजिन चालू करायलाही त्यांनीच शिकवलं. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर मूठ सुटून यायला हवी, नाहीतर मनगट गेलं. आणि वाडीच्या भिंतीवर त्यांनी लाल रंगाने १-३-४-२ लिहून ठेवलं होतं, म्हणजे प्लगच्या वायरी कोणी काढल्या तर कोणत्या क्रमाने लावायच्या ते. जीप गेली, वडील गेले. भिंतीला नंतर चुना लागला, तरी पावसात ओल आली की ते आकडे अंधूक दिसायचे. नवे भाडेकरू त्याला मटक्याचा आकडा समजत.

कालिना २००५

माझी एमएम ५४०, प्यूजो डिझेलवाली. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्यातला बराचसा आमच्या कंपाउंडमध्ये उतरला होता म्हणा ना. जीप रात्रभर सीटपर्यंत पाण्यात.

२८ ला पाणी ओसरल्यावर प्रत्येक जण आपापल्या गाडीला चावी लावून बघत होता. मीही लावणार होतो. बेस्टच्या डेपोत आयुष्य काढलेले मामा आमच्याकडे अडकले होते, त्यांनी चावी हातातून काढून घेतली. म्हणाले, "पाणी दाबलं जात नाही रे. सिलिंडरमध्ये असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल." समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाची त्याच सकाळी वाकली.

आम्ही काय केलं ते क्रमाने लिहितो, पावसाळा तोंडावर आहे. आधी बॅटरी सोडली. एअर फिल्टर काढला, तो पिळता येत होता. मग चारही हीटर प्लग काढले आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. दोन भोकांतून पिचकारी आली, मामांच्या बनियनवर. इंजिनच्या तळाच्या तेलाच्या चेंबरचा नट सोडला तर पहिल्यांदा दीड-दोन लिटर नुसतं पाणी आणि मग तेल, कारण पाणी जड, ते तळाशी बसतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियलमधून जे निघालं ते इराण्याच्या चहासारखं होतं. सगळीकडे स्वस्तातलं तेल भरलं, थोडं फिरवलं, काढलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या खेपेला रंग बरा आला. डिझेलची टाकी उतरवून धुतली. सेल्फ आणि अल्टरनेटर उघडून गच्चीवर वाळत घातले, पण जुलैचं ऊन ते! शेवटी इस्त्री करणाऱ्या भय्याच्या शेगडीजवळ दोन दिवस ठेवले. नवव्या दिवशी डिझेलच्या नळ्यांतली हवा काढून सेल्फ मारला, पांढरा धूर सोडत जीप उठली.

ब्रेक मात्र पुढे तीन महिने त्रास देत राहिले. ड्रम धुतले होते, व्हील सिलिंडर उघडले नव्हते. आळस.

नंतर एकच अपग्रेड केलं, डिफरन्शियलच्या ब्रीदरना (हवा ये-जा करायच्या भोकांना) रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेली. गरम अॅक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. खर्च नळीचा आणि दोन क्लिपांचा.

बाराचा पाना

व्हील सिलिंडरवरून आठवलं. ब्रेकचे रबर मी पेट्रोलने धुतले होते. स्वच्छ निघाले, चकचकीत. दुसऱ्या दिवशी फुगून आत जाईनात, आणि मी ते बोटाने दाबून बसवले! पेडल खाली गेलं ते वर येईचना, चारही चाकं जाम. नशीब, पार्किंगमध्येच. ब्रेकचे रबर ब्रेक ऑइलनेच धुवायचे. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

खाडीकाठची

मी गोराईची. आमच्याकडे गाडी झिजत नाही, विरघळते. सासऱ्यांची कमांडर जीप, तिच्यात वर्षानुवर्षं बर्फातल्या मासळीच्या पाट्या गेल्या. खारं पाणी मागच्या पत्र्यावरून चेसिसच्या पोटात. वरून रंग छान होता म्हणून सगळे फसले. मी हातोडीने टकटक करत गेले. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, खाल्लेल्याचा बोदा. मागच्या पाट्याची स्प्रिंग चेसिसला जिथे टांगलेली असते त्या शॅकलपाशी हातोडी आतच गेली.

ते वेल्डिंग मी घरी केलं नाही, तिथे अख्ख्या गाडीचा भार येतो. चांगला वेल्डर बघून दिलं, वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडायला लावल्या. मी केलं ते आतून मेण मारण्याचं काम. चेसिसच्या भोकांतून बारीक नळी घालून पोकळीत फवारायचं, आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा. निचऱ्याची भोकं मात्र बुजवायची नाहीत. आमच्या आधीच्या मेकॅनिकने काळं डांबरी कोटिंग जाड मारून तीच बुजवली होती, म्हणून पाणी आत बसून राहिलं.

माझं खरं काम वायरिंगचं. पुढचे दिवे इतके मंद की समोरून येणाऱ्याला दया यावी. दीर बल्ब बदलत होते, दोनदा बदलले. मी मीटर लावला : बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्बपाशी १०.४. दोन ५५ वॉटच्या बल्बांचा नऊएक अँपिअर करंट जुन्या स्विचमधून आणि सतरा जोडांमधून जात होता. लोहार चाळीतून जाड वायर आणली, दोन रिले लावले (म्हणजे स्विच फक्त इशारा देतो, करंट सरळ बॅटरीतून जातो), बॅटरीजवळ फ्यूज टाकला आणि अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली. बल्बपाशी १२.२ आले. त्या रात्री सासरे उगाचच पॅगोडाच्या रस्त्याला एक चक्कर मारून आले. म्हणाले काही नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचं वायरिंग बघायला मला घेऊन गेले.

सेक्रेटरी (नाइलाजाने)

दुसरी बाजूही येऊ द्या. माझ्या सोसायटीत असा एक छंदिष्ट आहे. जमिनीवर तेलाचे डाग, रविवारी दुपारी ग्राइंडर, आणि एकदा उघड्या बादलीत पेट्रोल, तेही मीटर रूमच्या शेजारी. मी नोटीस काढली. तो चिडला. मग वॉचमनच्या केबिनमध्ये चहावर ठरलं : रविवारी दहा ते एक, खाली पत्र्याचा ट्रे, ग्राइंडर बंद, पेट्रोलचं कुठलंच काम इथे नाही, जळकं तेल गटारात नाही. एक कलम मी स्वतः घातलं. गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, लोखंडी घोडीच हवी. तो सिमेंटचे ब्लॉक लावायचा, आणि एक दिवस ब्लॉक भुगा होऊन बसला. तो त्या क्षणी पाना आणायला वर गेला होता.

तेव्हापासून त्याला घोड्या मी सोसायटीच्या खर्चातून घेऊन दिल्या आहेत. हिशेबात 'देखभाल साहित्य' म्हणून दाखवल्यात.

आरसी बघा आधी

कोणी जुनी जिप्सी घेत असेल तर बॉनेटखालचा नंबर आरसीशी ताडून घ्या. मी घेतली तिच्या आतून दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन निघालं. विकणाऱ्याने "अपग्रेड आहे" म्हणून वीस हजार जास्त घेतले होते. पंधरा वर्षं झाली, नोंदणीच्या नूतनीकरणाला नेली, तपासणीत इंजिन नंबर जुळेना. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात असे बदल बसत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. मूळ जातीचं पेट्रोल इंजिन बिलासकट शोधणं, बसवणं, नोंद करून घेणं यात अकरा महिने गेले. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० झाली, ती भरली, पर्यावरण कर निराळा. डिझेल इंजिन भंगारात गेलं, वजनावर. वर रद्दीवाल्याचं वाचून हसू आलं नाही.

तिसरा मजला, लालबाग

माझी गाडी अजून चालत नाहीये, तरी लिहितो. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा असतो, मध्ये छोटा शाफ्ट. त्यामुळे तो एकटा उतरवता येतो आणि दोघांना जिन्याने वरही नेता येतो. लो गिअर सुटत होता म्हणून मी तो घरात आणला आणि जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून उघडला. प्रत्येक भाग काढल्याच्या क्रमाने मांडला, फोटो काढले. आईने आठवडाभर जमिनीवर पानं वाढली.

बंद केला तेव्हा एक वॉशर उरला. पितळी, पातळ. पुन्हा उघडला. कुठे बसेना. बंद केला. झोप लागेना, म्हणून पुढच्या रविवारी तिसऱ्यांदा उघडला, गास्केट तिन्ही वेळा नवीन. फोटोंत तो वॉशर कुठेच नाही.

काल आईचा मिक्सर खालून गळायला लागला. तो मागच्या महिन्यात त्याच टेबलावर मी उघडला होता.